जरा सोपं दाखवा

“हा नको. यात नुसतं नशीब आहे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी खोका काउंटरवर आपटला.

फासे असलेले सगळे खेळ त्यांनी असेच बाद केले होते. औषधांच्या कारखान्यात ते माल तपासायचे. दिवसभर नापास करून त्यांचं मन भरत नसावं, कारण घरी आल्यावरही तेच चालायचं. देश ओळखायचा पट नको, त्याचे रंग भडक. शब्द जुळवायचे पत्ते नकोत, त्यात वेलांटी चुकलेली. दुकानाच्या मालकीणबाई निमूट खोके काढत होत्या आणि निमूट परत ठेवत होत्या.

“अहो, घरात सगळ्यांनी मिळून खेळायचंय,” आई म्हणाली. “परीक्षा नाही घ्यायची.”

“तुझ्या लाडांमुळेच ही वेळ आलीय. पोरीच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय.”

पोर म्हणजे ठमी. तिसरीतली. ती दोघांच्या मधे उभी राहून मालकीणबाईंच्या चष्म्याची दोरी न्याहाळत होती. बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे जणू तिच्या गावीच नव्हतं.

ठमी मठ्ठ आहे, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. घरात कितीतरी शैक्षणिक खेळ आणून झाले. स्मरणशक्तीचे पत्ते झाले, कोडी झाली, व्यापाराचा पट झाला. जिथे म्हणून डोकं लागतं तिथे ती बाबांपुढे हरायची. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा आज शेवटचा खेळ घ्यायचा आणि त्यातही उजेड पडला नाही, तर ठमीची रवानगी वसतिगृहाच्या शाळेत. ती शाळा लांब होती. मुलांना सुट्टीखेरीज घरी सोडत नसत. आईला हे ऐकल्यापासून घास गोड लागत नव्हता, पण तिला विचारतो कोण.

“हे बेरीज-वजाबाकीचे पत्ते बघा,” मालकीणबाई म्हणाल्या. “मधे एक आकडा मांडायचा. हातातल्या पत्त्यांतून तो जुळवायचा आणि ते पत्ते टाकायचे. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. टेबलावर एक डाव खेळून बघा ना.”

“बस इथे,” बाबा ठमीला म्हणाले. “आणि हे बघ, वसतिगृहात जायचं की नाही ते आता तूच ठरव.”

आईने पत्ते वाटले. बाबांनी दोन पत्ते टाकले, मग आणखी दोन. ठमीने फक्त एक टाकला. मधे बाराचा आकडा होता. ठमीने हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मला नाही जमत.”

पुढच्याच फेरीला बाबांचा हात रिकामा झाला. त्यांनी ठमीचे पत्ते ओढून घेतले. त्यांत सात होता आणि पाच होता.

“सात नि पाच किती?”

“बारा.”

“मग टाकले का नाहीस?”

“लक्षात नाही आलं.”

“ऐका,” बाबा मालकीणबाईंना म्हणाले, “समोर पानात वाढलंय आणि म्हणे लक्षात नाही आलं.” दुकानातली इतर माणसं वळून बघू लागली. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट ते खुशीत आले होते. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि खरं ठरण्याइतकं त्यांना दुसरं काही आवडत नसे. “जरा सोपं दाखवा. अगदी तीन वर्षांच्या पोरांचं. निदान जायच्या आधी एकदा तरी जिंकू दे हिला.”

मालकीणबाईंनी दुकानाच्या टोकाचा रॅक दाखवला. बाबा तिकडे गेले. त्यांनी प्राण्यांच्या जोड्या लावायचा एक खोका उचलला. आई आणि ठमी बसल्या होत्या ते टेबल रॅकच्या पलीकडेच होतं.

“आज तरी जिंकायचं होतंस गं,” आईचा दबका आवाज आला. “माझ्याशी खेळतेस तेव्हा मला एक डाव मिळू देत नाहीस.”

“तू हरलीस तरी रागवत नाहीस.”

“अगं, पण आता पाठवतील ना तुला.”

“मी जिंकले की बाबा तुला बोलतात. मागे एकदा जिंकले तर त्यांनी पट भिरकावला आणि तूच लबाडी शिकवलीस म्हणाले. मग तू न्हाणीघरात जाऊन रडलीस.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“पुरे झालं. मी आत्ता जाऊन सांगते त्यांना, तू मुद्दाम हरतेस म्हणून.”

बाबा खोका धरून जागच्या जागी उभे होते.

“नको ना, आई,” ठमी म्हणाली. “कच्च्या लिंबाला आपण कच्चं लिंबू आहोत हे कळू द्यायचं नसतं. रडतं ते.”