उबेची पेटी

"आजही गारच हो, बाबा," पातेल्याच्या कडेला बोट लावत सून म्हणाली आणि तिनं हसू दाबलं.

मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. भात गार, भाजी गार. लाकडी पेटीत चारी बाजूंनी ठासून भरलेली लोकर मात्र होती तशीच जागच्या जागी.

"मी म्हटलंच होतं," मिस्त्रींची बायको कमरेवर हात ठेवून उठली. "खोक्यात कोंबून कुठं अन्न गरम राहतं? सर गं तू. मी देते तापवून."

"आई, तुम्ही पडा ना. मी घेते."

"पहाटेपासून बसचं चाक फिरवतेयस. टेक जरा."

पातेलं गॅसवर चढलं आणि सुनेची गाडी सुरू झाली. "आज एक माणूस दाराएवढा आरसा घेऊन चढला, आई. अख्खी बस त्याच्यात बघून भांग पाडत होती. मला मागचं काही दिसेना!" सासू कमर धरून हसत सुटली.

मिस्त्रींना हसू येईना. उभा जन्म त्यांनी कारखान्यात वाफेचे नळ गुंडाळले होते. या टोकाला शिरलेली वाफ त्या टोकाला तशीच कढत निघायची. थंडीत मांजरं इतरांनी गुंडाळलेल्या नळांवर झोपायची. मिस्त्रींच्या नळाकडे एकही फिरकायचं नाही, कारण वर ऊबच लागायची नाही. आणि आता म्हातारपणी घरच्या चार मुठी भातानं त्यांचं नाक कापावं!

पेटी केली होती ती बायकोसाठीच. तिची कंबर धरलेली. डॉक्टरांनी दुपारी पाठ टेकायला बजावलेलं, पण सून कामावरून येईपर्यंत ही ताटकळत बसायची. जेवण आपलं आपण गरम राहिलं तर हिला उठायचं कारणच उरणार नाही, असा मिस्त्रींचा साधा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा स्वेटर उसवून त्याची लोकर कोपऱ्यांत भरली. झाकणाखाली उशी दाबली. बायकोला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं आणि आपण गॅलरीत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले. पेपराच्या कडेखालून स्वयंपाकघर दिसत होतं. मुंग्या, उंदीर, फट, काय असेल ते आज दिसणार होतं.

थोड्या वेळानं पलंग करकरला.

बायको भिंतीला धरून आली. गॅलरीकडे पाहिलं. मिस्त्री घोरले. तिनं झाकण उघडलं, उशी बाजूला केली, आणि असा वाफेचा लोट उठला की तिचा चष्मा पांढरा झाला. तो पुसून तिनं पातेल्यांची झाकणंही काढली आणि एका ताटलीनं वारा घालायला लागली. मध्येच थांबून कंबर दाबायची, पुन्हा वारा घालायची.

मिस्त्रींची छाती आधी फुलली. एवढ्या वेळानंही एवढी वाफ! मग रागाची तिडीक उठली. आत्ता जाऊन रंगेहाथ पकडायचं, म्हणून ते निम्मे उठलेही. पण तिनं भाताला बोट लावलं, स्वतःशीच मान हलवली, उशी होती तशी चोपून बसवली आणि "आई गं" करत पलंगाकडे परतली. मिस्त्री पेपर तोंडावर घेऊन पुन्हा आडवे झाले.

घंटा वाजली.

"आज तरी गरम आहे का?" चपला काढता काढता सुनेनं विचारलं.

"कसलं गरम!" पेटी उघडायच्या आधीच सासू म्हणाली. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि आच बारीक केली. मग आणखी बारीक. "हं, सांग. आज कोण चढलं?"

मिस्त्री दारात उभे राहून त्या आचेकडे बघत होते. दिवसभर ते बायकोशी बोलत नव्हते असं नाही. बोलायचे. नळांबद्दल बोलायचे.

"बाबा, ती पेटी मोडीत काढा आता," सून म्हणाली. "उगाच जागा अडवते."

"नाही. दोष सापडलाय. उद्या दुरुस्त करतो."

बायकोचा चमचा भातात थांबला. "कसला दोष?"

"बघू उद्या."

सुनेनं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कुठं तिनं पातेलं उतरवलं. करपल्याचा वास सुटला होता.

सकाळी सून कामावर गेल्यावर मिस्त्रींनी पेटी गॅलरीत नेली. गिरमिट काढलं आणि पेटीच्या झाकणातून, आतल्या उशीतून, आरपार एक भोक पाडायला घेतलं. आयुष्यभर ज्या हातांनी फटी बुजवल्या त्या हातांना हे काम येईना. गिरमिट दोनदा घसरलं.

बायको येऊन मागं उभी राहिली. रात्रभर तिला झोप नव्हती, डोळे सांगत होते.

"अहो, गरम राहावं म्हणून केलीत ना पेटी? मग भोक कशाला?"

"हळूहळू निवेल. सून यायच्या वेळेला बरोब्बर गार." त्यांनी भुसा फुंकला. तिच्याकडे पाहिलं नाही. "मध्येच उठून कुणी ताटलीनं वारा घालायला नको. निवांत पडून राहायचं. घंटा वाजली की उठायचं."

बायकोचे कान लाल झाले. मग ती कमरेला हात लावून हळूच वाकली आणि भोकात करंगळी घालून पाहिली.

"जरा मोठं करा," ती म्हणाली. "आज ती लवकर येणार आहे."