मागच्या खोलीसाठी मशीन

"चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही," दुकानाची मालकीण म्हणाली आणि तिने फिरत्या चकतीवर पाण्याची बारीक धार सोडली.

कारागिराचा चेहरा खुलला. आजवर त्याने खड्यांना पैलू पाडले ते त्याला काम शिकवणाऱ्या वस्तादांच्या जुनाट मशीनवर, त्यांच्याच घरात बसून. इथे दांडी जरा हलवली की कोन नेमका लागत होता. चकती तसूभर डगमगत नव्हती.

"दाजी, हेच घेऊ या."

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एरवी मेहुण्याला चहा विचारायचा तर त्यांच्या जिवावर यायचं. आज सकाळी मात्र स्वतःहून दारात हजर. किती दिवस दुसऱ्याच्या उंबऱ्यावर काम करणार, म्हणाले. आमच्या मागच्या खोलीत बस, मशीन मी घेऊन देतो.

"आणि ते कोपऱ्यातलं?" दाजींनी विचारलं.

"ते? कान किटतात हो त्याने. जुना माल आहे, कोणी घेत नाही."

"लावा तर खरं."

मोटर सुरू झाली तशी फळीवरच्या बाटल्या थरथरू लागल्या. दाजी खुशीत मान डोलवत राहिले.

मालकीण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बाहेरच्या खोलीत गेली. दाजींनी मशीन बंद केलं, खिशातून कागदाची पुडी काढली आणि कारागिराच्या तळहातावर उलटी केली.

"याचे दोन करायचेत. ओळखू येता कामा नये."

निळा खडा. भिंगाची गरजच नव्हती. कडेपाशी तो एक जादा, नखाएवढाही नसलेला पैलू, वस्तादांच्या हातचा. बायको गेल्यावर हा खडा त्यांनी अंगठीत बसवला होता. ती अंगठी आंघोळीलासुद्धा करंगळीतून निघत नसे.

"वस्तादांनी हा विकला?"

"गावाला जायचं होतं म्हणे त्यांना. तुला काय करायचंय?"

कारागीर कालच त्यांच्याकडे जाऊन आला होता. दाराला कुलूप होतं. चपला बाहेरच होत्या.

"दाजी, मी... मला जमायचं नाही."

"न जमायला काय झालं? ताईने खोली झाडून ठेवलीय तुझ्यासाठी." दाजींनी खडा उचलून पुडीत बांधला. मग त्यांनी आवाज अगदी मऊ केला. "असं कर. मी बाहेर जाऊन मधलं दार लावतो. तू हे कोपऱ्यातलं मशीन चालू कर आणि हाक मार. तुला काही हवं-नको झालं तर आम्हाला ऐकू यायला नको का?"

दार लागलं. दारातल्या काचेच्या पट्टीतून दाजींची पाठ दिसत होती. कारागिराने बटण दाबलं.

त्याने एक हाक मारली. मग जीव खाऊन मारली. दाजींना नव्हे. मालकिणीला, त्या गिऱ्हाइकाला, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही. घशाच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो ओरडत राहिला. काचेपलीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

दार उघडलं. दाजींनी हात लांबवून मशीन बंद केलं आणि ते हसत मागे वळून म्हणाले,

"बाई, हेच बांधून द्या."