मोतद्दाराचा हात

घोडा स्वतःचाच पाय फाडून खात होता. तबेल्याचं दार त्यानं लाथांनी फोडलं होतं. "घशात घास अडकलाय, दुसरं काही नाही," घोड्याची निगा राखणारा मोतद्दार मामा ओरडत होता. सकाळी तो घास काढायला मामानं घोड्याच्या तोंडात हात घातला होता. मुठीवर दातांचे ओरखडे होते. घोडा पिसाळलाय हे पुराव्याशिवाय तो मानणार नव्हता, इंजेक्शन घेणार नव्हता. पुरावा मेंदूत होता. घोड्यांचे मेंदू तपासण्यात जनावरांच्या डॉक्टरांची तीस वर्षं गेलेली. त्यांनी घोड्याच्या छातीवर बंदूक रोखली. "अहो, डोक्यात घाला! एका गोळीत सुटेल लेकरू!" मामा कळवळला. "डोकं मला अख्खं हवंय." तीन गोळ्या खाऊनही घोडा रक्त ओकत तडफडत राहिला. मामानं डॉक्टरांच्या तोंडावर ठोसा हाणला. "खाटका!" डॉक्टरांनी दात थुंकला, तीच ओरखडे असलेली मूठ पकडून नळाखाली धरली आणि शिव्या खात खात साबणानं घासून काढली.