आतली कडी

‘बाई कुणाला म्हणायचं?’ हा विद्यापीठातल्या वादसभेचा विषय होता, आणि पहिल्या वक्त्याने तोंड उघडताच दोन्ही गटांकडून खुर्च्या उडायला लागल्या. वक्ते दोनच, समाजशास्त्राच्या मॅडम आणि जीवशास्त्राचे सर. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण सरांच्या कपाळावर खुर्ची बसली तशी मॅडमनीच त्यांना बखोटीला धरून मंचामागच्या खोलीत ओढलं आणि आतून कडी घातली.

“माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं हो,” सर कण्हले.

“पुढचं मला पाठ आहे. गप्प बसा, रक्त थांबू द्या.”

सरांच्या जखमेवर आपला रुमाल दाबून मॅडमनी दाराच्या फटीतून पाहिलं. दंडाला जांभळी फीत बांधलेली त्यांच्याच गटातली एक मुलगी, सरांच्या गटातल्या खाली पडलेल्या मुलाला हात देऊन उठवत होती. तेवढ्यात तिच्या पाठीत लोखंडी नळी बसली. ती कोसळली तरी मारणारा थांबेना. त्याच्या दंडालाही जांभळीच फीत होती.

मग दारावर धडाधड थापा पडल्या.

“मॅडम, उघडा! आम्ही आहोत, आपलीच पोरं!”

“सुटलो बुवा!” म्हणत सरांनी कडीकडे हात नेला. मॅडमनी रक्ताने माखलेल्या हातांनी त्यांचं मनगट गच्च धरलं.

“अहो, तुमचीच पोरं आहेत ना?”

“म्हणून तर सांगतेय,” मॅडम कुजबुजल्या, “उघडू नका.”