दुसरी डिस्क

हार्ड डिस्क दुरुस्त करणाऱ्याने मान हलवली. "यातून आता काही निघणार नाही. दुसरी कॉपी असेल ना?"

नवऱ्याने डिस्क परत हातात घेतली. 'दोन डिस्क घे' म्हणून बायको तेव्हा महिनाभर कानीकपाळी ओरडत होती आणि त्याने "एक घेतली ना, बास की!" म्हणून उडवून लावलं होतं. आता ती शेजारीच उभी होती. हिने एकदा तरी चारचौघांत आपली खरडपट्टी काढावी, म्हणून त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

"होतं काय एवढं त्यात?"

"लेकीसाठी हिने वाचलेल्या गोष्टी. हिच्या आवाजात."

"हात्तिच्या! मग ताई, पुन्हा वाचा की."

तिने गळ्याभोवतीचा स्कार्फ सारखा केला, पर्समधून वही काढली आणि लिहिलं, 'गळ्याच्या ऑपरेशनआधी वाचल्या होत्या, दादा.'