जॅमच्या बरण्या

गिरणीचा भोंगा सकाळी दहालाच वाजला आणि थांबेना, तेव्हा गावाला कळलं की लाकडाच्या यार्डात कोणीतरी गेलं. लाईल धावत पोचला, तर ती त्याचीच बायको होती, व्हर्ना. ओंडके उचलणारी गाडी तिच्या डावीकडून मागे येत होती.

दफन झाल्यावर गिरणीचा मालक गस घरी आला. हातात जॅमच्या तीन रिकाम्या बरण्या होत्या.

“लाईल, गाडीचा कर्णा एवढा कोकलत होता. तिला ऐकू कसा आला नाही रे?”

“डावा कान गेला होता तिचा. तीन वर्षं झाली.”

गसनं बरण्या टेबलावर ठेवल्या. “अरे लेका, मग सांगायचं नाही का? एका डोळ्याच्या अर्लला ठेवलंच आहे ना मी? अधू माणसाला ठेवून घेतलं, की पुढे त्याला काही झालं तर खर्च सरकारी निधी सोसतो. माझा विम्याचा हप्ता वाढत नाही. तिला आत फळ्या निवडायला बसवलं असतं. डॉक्टरचा कागद होता काही?”

“नाही,” लाईल म्हणाला.

“आणि दर नाताळाला ती मला जॅम कशाबद्दल द्यायची, तेही कधी कळलं नाही.”

लाईलला ते माहीत होतं. कागद वाचूनही मालकानं आपल्याला काढलं नाही, असं ती धरून चालली होती. ऑफिसात द्यायला तिनं तो लाईलकडेच दिला होता. तिची नोकरी जाईल म्हणून त्यानं तो ट्रकच्या खणात टाकला. तो अजून द्यायचा राहिलाय.