सर्व जोड्या हजर

"ज्याचा जोडीदार बसमध्ये नसेल, त्याने हात वर करा," बाई म्हणाल्या.

कोणी हात वर केला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. शेवटच्या बाकावरून एक हात वर आला, पण त्याला खिडकी हवी होती. बाईंनी वहीत लिहिलं, 'सर्व जोड्या हजर.' मत्स्यालयापासून परतीची बस निघाली.

ही जोड्यांची युक्ती मुख्याध्यापकांची. गेल्या वर्षीच्या सहलीत डोकी मोजली होती. डोकी बरोबर भरली. त्यातलं एक क्लीनरचं निघालं आणि एक पोरगा पेट्रोल पंपावर राहिला. चार तासांनी बस परत गेली, तेव्हा तो टायरांच्या ढिगामागे बसलेला सापडला. तेव्हाच्या बाई आता शाळेत नाहीत. पोरगा आहे, पण वर्गात त्याचा आवाज अजून कोणी ऐकलेला नाही. म्हणून यंदा मोजणी बंद. मोठ्यांची नजर चुकते, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. पोराला मात्र आपला जोडीदार नसला की लगेच कळतं, नाहीतर भांडणार कोणाशी? तरीही काही झालंच, तर बाईंचा राजीनामा ते स्वतः टाइप करून ठेवणार होते. बाईंना उगाच त्रास नको.

सकाळी एक्केचाळीस मुलांच्या वीस जोड्या लागल्या. नवीन आलेली एक मुलगी उरली. तिला कोणी ओळखत नव्हतं आणि तिलाही ओळख काढायची घाई नव्हती. "तू माझी जोडी," बाई म्हणाल्या आणि प्रश्न मिटला.

युक्ती झकास चालली. एका जोडीचं मत्स्यालयाच्या दारातच बिनसलं. त्या दोघांनी एका रुमालाची दोन टोकं धरली आणि दिवसभर एकमेकांचं तोंड न पाहता मासे पाहिले. एकाला मोठ्या टाकीपाशी उलटी झाली, तर त्याच्या जोडीदाराने नियम म्हणून आपणही केली.

बाईंचं डोकं मात्र दुपारीच बधिर झालं होतं. हुकूम तेवढे तोंडातून आपोआप सुटत होते. काचेला नाक लावू नका. कासवाला बिस्कीट देऊ नका. नाक पुसा. स्वतःचं पुसा. मी येईपर्यंत इथून हलू नकोस. डबे संपवा, मासे नंतर. कोणता हुकूम कोणाला सोडला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

निघाल्यावर पाऊण तासाने बसमधला गोंगाट निवला. निम्मी पोरं जोडीदाराच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली. ड्रायव्हरकाका खुशीत होते. तीस वर्षांत इतकी शिस्तीची सहल पाहिली नाही, असं ते तिसऱ्यांदा सांगत होते. लग्नाच्या वऱ्हाडात नवरा-बायकोसुद्धा एका बाकावर बसायला तयार नसतात म्हणे. मग त्यांनी आरशातून बाईंच्या शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिच्यावर प्रथमोपचाराची पेटी ठेवलेली होती.

"सगळ्यांना जोडी लावून दिलीत बाई. तुमची कुठंय?"

जागी असलेली पोरं फिदीफिदी हसली. बाईंनाही हसायचं होतं. खांद्याला पट्टा काचत होता म्हणून त्यांनी पाण्याची बाटली काढून मांडीवर ठेवली. तरी खांद्यावर एक पट्टा उरलाच. त्याला दुसरी बाटली लटकत होती. छोटी, हिरवी, भरलेली.

मत्स्यालय पाचला बंद होतं. बसमधल्या घड्याळात साडेपाच वाजले होते.

बाईंनी हात वर केला.